जॉर्डी कस्टमरचा कॉल कसा समजून घ्यायचा

ऐरोलीतल्या कॉल सेंटरमध्ये यूके प्रोसेसला, म्हणजे ब्रिटनच्या कस्टमरचे कॉल घ्यायला, नवीन लागलात आणि उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराचा कॉल आला की सुरुवातीला काही म्हणजे काही कळत नाही, पण घाबरू नका, तुमचं इंग्रजी कच्चं नाहीये. तिथल्या टाइन नदीकाठच्या माणसांना जॉर्डी म्हणतात आणि त्यांच्या बोलीलाही जॉर्डीच, आपल्याकडे आगरी म्हटलं की माणूसही आला आणि बोलीही आली ना, तसंच. नाव जॉर्जवरून पडलंय, कोणी सांगतं 1745 च्या बंडात हे लोक राजा जॉर्जच्या बाजूने राहिले म्हणून, कोणी सांगतं जॉर्ज स्टीफन्सनने 1815 च्या सुमारास खाणकामगारांसाठी दिवा बनवला त्यावरून. मला दिव्याचं जास्त पटतं, तो सगळा पट्टाच कोळशाच्या खाणींचा.

आधी आवाज पकडा. टाऊनचं टून, हाऊसचं हूस, डाऊनचं डून. घणसोलीच्या आजी पाण्याला पानी आणि डोळ्याला डोला म्हणतात ते दोन वाक्यांत कानाला बसतं, हेही बसतं, फक्त पहिली दोन मिनिटं मध्ये बोलू नका.

मग शब्द. गॅन म्हणजे जाणं, बेर्न म्हणजे लहान मूल, डिव्हन्ट म्हणजे डोन्ट, कॅनी म्हणजे छान. आणि ह्येम म्हणजे घर, हा मी कधी विसरणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक काका म्हणाले 'आम गॅनिन ह्येम', मला वाटलं ह्येम नावाचं गाव असेल, तसंच नोट्समध्ये टाकलं. ते घरी निघाले होते, घरच्या नंबरवर फोन करा सांगत होते, मी मोबाइलवर करत बसले आणि त्यांचं काम दोन दिवस रखडलं, अजून वाईट वाटतं.

'गिव्ह अस अ मिनिट' म्हणाले तर तिथे अस म्हणजे मीच, एकटा माणूस. 'पेट' किंवा 'हिनी' म्हणाले तर राग मानू नका, आपल्याकडे बाळा म्हणतात तेच ते.

नाहीच कळलं तर सारखं सॉरी सॉरी करू नका, जेवढं कळलंय ते साध्या इंग्रजीत त्यांना परत सांगा, चुकलेलं ते स्वतः दुरुस्त करतात, आणि हळू बोलतात.

हो, पत्ता संडरलँडचा दिसला तर चुकूनही जॉर्डी म्हणू नका, अंतर ठाणे-पनवेलपेक्षा कमी आहे पण ते मॅकेम, फुटबॉलपासून सगळ्यात न्यूकॅसलशी त्यांची जुनी चुरस आहे.