प्रतिकारशक्ती घटलेल्यांना बुरशीचा संसर्ग: या चुका टाळा

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ताप आला की लगेच अँटिबायोटिक सुरू होतं, आणि ते योग्यच. चूक होते ती पुढे. रक्तातले न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली, चार-सात दिवस झाले तरी ताप हटत नाही, आणि तरीही नुसती अँटिबायोटिकं बदलत बसायचं. बुरशीची शंका घ्यायची वेळ नेमकी हीच. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. फुफ्फुसातल्या सुरुवातीच्या गाठी बऱ्याचदा सीटी स्कॅनमध्येच दिसतात.

स्टेरॉइड घेणाऱ्यांचं उलटं. त्यांना ताप येईलच असं नाही. एका बाजूचा गाल बधिर पडला, नाकात काळी खपली दिसली, तर सायनस म्हणून वाफ घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात महागात पडते ती बायोप्सीतली चूक. काढलेला अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते खरी, पण फॉर्मॅलिनने ती मेलेली असते, मग कल्चरमध्ये (लॅबमध्ये बुरशी वाढवून ओळखण्याच्या चाचणीत) उगवणार काय? थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवायला हवा. लॅबच्या कागदावर नुसतं ‘कल्चर’ लिहिणंही अपुरं. म्यूकरची (जिला ‘काळी बुरशी’ म्हणतात तिची) शंका असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण काढलेला तुकडा लॅबमध्ये कुटून लगदा केला तर म्यूकरचे नाजूक धागे तुटून मरतात; त्याचे बारीक तुकडे करून लावावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? अ‍ॅस्परजिलस या बुरशीवर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्यूकरवर चालत नाही, तिथे अँफोटेरिसिन बी लागतं. फ्लुकोनॅझोल तर या दोन्हींवर निरुपयोगी. ‘बुरशीचं औषध चालू आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. रक्तातल्या गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या तपासण्याही म्यूकर पकडत नाहीत, त्यामुळे त्या निगेटिव्ह आल्या म्हणजे बुरशी नाही असं होत नाही.

फ्युसेरियम ही बुरशी आणखी फसवी. इतर बहुतेक तंतुमय बुरशी रक्ताच्या कल्चरमध्ये सहसा उगवत नाहीत, ही मात्र उगवते. अशा रुग्णाच्या अंगावर दुखरे, मधे काळे पडत जाणारे फोड असतील, तर रक्तात बुरशी उगवल्याचा रिपोर्ट ‘नमुना दूषित झाला असेल’ म्हणून बाजूला सारू नका.

प्रत्यारोपण झालेल्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: टॅक्रोलिमस (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) चालू आहे. व्होरिकोनॅझोलमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून ते सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि रक्तातली पातळी मोजत राहतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षात असतं. व्होरिकोनॅझोल बंद झाल्यावर तोच डोस पुन्हा वाढवायचा असतो, ते मात्र राहून जातं.