कोकण रेल्वेवर इंजिनं टिपताना

रोहा ते वीर सोडलं तर हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगचं स्टेशन गाठा. एक गाडी लूपवर (बाजूच्या रुळावर) थांबते, समोरची निघून जाते आणि थांबलेलं इंजिन निवांत न्याहाळता येतं.

आधी बाजूवरचा पाच आकडी क्रमांक लिहून घ्या. 31 हजारी म्हणजे मालगाडीचं डब्ल्यूएजी-9. 37 किंवा 39 हजारी म्हणजे प्रवासी डब्ल्यूएपी-7. रंगावर विसंबू नका, ते बदलतात. शेडचं (इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं) नावही बाजूलाच रंगवलेलं असतं, तेही टिपा.

समोरून फोटो काढताना हेडलाइटमुळे इंजिन काळं पडतं किंवा दिवा पांढरा फटक होतो. मोबाईलवर इंजिनाच्या अंगावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा, मग थोडं कमी करा. धावत्या गाडीला शटरचा वेग किमान 1/1000 सेकंद हवा.

पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं (2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर). मुसळधार पावसात वेग ताशी 40 किमीवर येतो आणि सगळी क्रॉसिंग सरकतात. निघण्यापूर्वी एनटीईएसवर (गाड्या कुठे आहेत ते दाखवणारी रेल्वेची सेवा) दोन्ही बाजूंच्या गाड्या पाहा. मालगाड्या तिथे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सिग्नलवर नजर ठेवा.

प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं. पिवळ्या रेषेच्या मागेच उभं राहा, रुळांत किंवा बोगद्याच्या तोंडाशी अजिबात जाऊ नका.