थर्मल कॅमेरा गाईचा ताप चुकीचा दाखवत होता, तो असा सुधारला

चूक कॅमेऱ्याची नव्हती, नेमाची होती. पाठीवर किंवा मानेवर धरला की केस, चिखल, ऊन सगळंच आकड्यात मिसळतं. आता नेम डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर. तिथे केस नसतात, रक्तवाहिन्या अगदी वर असतात. कॅमेऱ्यातली उत्सर्जकता (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) ०.९८, अंतर दर वेळी १ मीटर, आणि नोंद सरासरीची नाही, कमाल आकड्याची. वेळ पहाटेची, गाय सावलीत आणि कोरडी. गोठ्यातला पंखा बंद करायचा (हे हमखास राहून जातं), नाहीतर आकडा घसरतो.

डोळ्याचा आकडा गुदद्वारातल्या तापमानापेक्षा बहुधा कमीच येतो, म्हणून त्याची निरोगी गाईच्या ३८.५ अंश सेल्सिअसशी थेट तुलना नको. त्याच गाईच्या रोजच्या आकड्याशी ताडायचं. १ अंश वर दिसला की साधा थर्मामीटर लावायचा. निदान कॅमेऱ्यावर सोडू नये.