एफवायच्या पोरांना लिहितं कसं करायचं

पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका, फक्त लिहून घ्या. वीस मिनिटं, फोन बॅगेत, विषय एकच: आज कॉलेजला कसा आलास. मी ठाण्यात एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, मराठी शिकवते, अर्धा वर्ग ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली-घणसोलीकडून येतो, आणि ‘पर्यावरणाचे महत्त्व’ वगैरे दिलं की पोरं दहावीच्या गाईडमधलं पाठ केलेलं उतरवतात, मग त्यांना स्वतःचं काय लिहिता येतं ते कळणार कसं?

कागद घरी नेलेत की लाल पेन काढू नका प्लीज. मी आधी तेच करायचे, एकेका पानावर तीस-चाळीस गोल, पोरं मार्क बघायची आणि कागद बाकाखाली. नुसतं वाचा आणि कुठली चूक परत परत येतेय ते टिपून ठेवा. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९७० साली प्रवेश सगळ्यांना खुले झाले तेव्हा मिना शॉनेसी नावाच्या बाईंनी असे साधारण ४००० निबंध वाचले, आणि त्यांचं म्हणणं हेच की चुका उगाच होत नाहीत, पोरगं आपल्या डोक्यातला एक नियम पाळत असतं.

मला हे पटलं एका पोरामुळे. तो फुल, पुल, मुल सगळं ऱ्हस्वच लिहायचा. विचारलं तर म्हणाला, मॅडम, फुलाला, पुलावर, मुलाला मध्ये ऱ्हस्वच असतो ना! बरोबरच होतं त्याचं, अर्धं. मग फळ्यावर जोड्या लिहिल्या, पूल-पुलावर, मूल-मुलाला, गरीब-गरिबाला, शब्द एकटा असला की दीर्घ आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, फक्त सुख, गुण असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले सोडून. आठवडाभर तेवढंच, दुसऱ्या कुठल्या चुकीला हात लावला नाही.

पूर्णविराम मात्र व्याकरणाने येत नाही, कानाने येतो. एकीचं वाक्य होतं: ‘मी दहा नंबरवर उतरली आणि जिन्यावर खूप गर्दी होती म्हणून थांबली आणि एका काकूंची पिशवी फाटली आणि टोमॅटो सगळीकडे गेले आणि मला उशीर झाला.’ तिला मोठ्याने वाचायला लावलं, जिथे श्वास घेतला तिथे पेन्सिलने रेघ मारायची, मग रेघेजवळचा ‘आणि’ काढून बघायचा. दोन ‘आणि’ गेले. समासात मी एवढंच लिहिलं, ‘टोमॅटो कोणी उचलले?’ पुढच्या वेळी पाच ओळी जास्त आल्या, चार टोमॅटो हिने उचलले, बाकीचे लोकांनी तुडवले, काकू कोणावर तरी ओरडत होत्या.

‘उतरली’चं ‘उतरले’ नंतर बघू, पहिल्या खर्ड्यात बोली राहू द्या. आगरी घरातली पोरं घरच्यासारखं लिहितात तेव्हा भरभरून लिहितात, परीक्षेची भाषा दुसऱ्या खर्ड्यात येते. फोनवर बोलून टाइप केलेलं पण चालेल, फक्त मग वहीत हाताने उतरवायचं, कारण फोन विरामचिन्हं जवळजवळ खातोच.

वर्ग शंभराचा असेल तर सगळ्या वह्या तपासायच्या भानगडीत पडू नका, आठवड्याला पंधराच घरी न्या. बाकीच्यांनी शेजाऱ्याची वही मोठ्याने वाचायची आणि खाली एक प्रश्न लिहायचा, टोमॅटोसारखा. ‘छान लिहिलंस’ लिहायला बंदी.