शॉर्टहँड शिकताय? मग आपलंच लिहिलेलं रोज वाचा

शॉर्टहँडची, म्हणजे बोललेलं खुणांच्या लिपीत भराभर उतरवून घेण्याची, मिनिटाला 60 शब्दांची परीक्षा पास झालात आणि 80 वर अडकलात, किंवा नुकतंच क्लासला नाव घातलंय, अशांसाठी हे लिहितेय. स्ट्रोक, हूक, फ्रेज म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही, ते क्लासमध्ये शिकवतातच. क्लासमध्ये फारसं बोललं जात नाही ते वेगळं आहे. या विद्येला हुशारीपेक्षा स्वभाव जास्त लागतो. शांतपणे ऐकत राहणं, शब्द सुटला तरी न डगमगणं, आणि आपल्या हाताने लिहिलंय म्हणून ते बरोबरच असणार असं न मानणं. मला यातलं काहीच जन्मजात नव्हतं. रोजच्या तासाभराच्या सरावातून ते आलं आणि यायला बराच वेळ लागला. नोकरीत असूनही सराव थांबला की अजून आठवडाभरात हात आणि कान दोन्ही मंदावतात.

आकडे तुम्हाला माहीत असतील, तरी एकदा पुन्हा बघा. राज्य सरकारात लघुटंकलेखकाला मिनिटाला 80 शब्दांचा वेग लागतो, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100 आणि उच्चश्रेणीला 120. केंद्र सरकारच्या नोकरभरतीसाठीच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या ग्रेड डी स्टेनोग्राफर परीक्षेत 80 च्या वेगाने दहा मिनिटांचं डिक्टेशन असतं. म्हणजे 800 शब्द. ते संगणकावर उतरवायला इंग्रजीसाठी 50 मिनिटं देतात, हिंदीसाठी 65. घ्यायला दहा मिनिटं आणि उतरवायला पन्नास. परीक्षा घेणाऱ्यांनी खरी मेहनत कुठे आहे ते वेळेच्या वाटणीतच सांगून टाकलंय. आपण सराव करतो तो नेमका उलटा.

सगळ्यांत मोठा सापळा इथेच आहे. मीही त्यात बरेच महिने होते. क्लासची बॅच एक तासाची. त्यात सर तीन-चार पॅसेज देतात. पान भरतं, हात धावतो, बरं वाटतं. बॅच संपली की वही बंद, आणि घरी गेल्यावर पुन्हा मोबाइलवर नवीन डिक्टेशन. वह्यांवर वह्या भरतात. त्या वह्यांतलं आठ दिवसांपूर्वीचं कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचायला घेतलं की खरी परिस्थिती कळते. तिसऱ्या ओळीला अडखळायला होतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. पिटमनच्या पद्धतीत, म्हणजे उच्चारांसाठी रेघा वापरणाऱ्या शॉर्टहँडच्या पद्धतीत, प आणि ब ची रेघ एकच, पहिली पातळ आणि दुसरी जाड. हात घाईत असला की जाड-पातळ फरक आधी जातो, मग 'पॅक' आणि 'बॅक' सारखेच दिसायला लागतात. त्यानंतर लांबी बिघडते. रेघ अर्धी केली की तिच्यात ट किंवा ड मिळतो, पण वेगात सगळ्याच रेघा आखूड होतात आणि अर्धी कुठली, पूर्ण कुठली हे तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही. सगळ्यांत घातक म्हणजे 'नॉट'. 'यू विल'ची रेघ अर्धी करून शेवटी बारीक हूक, म्हणजे छोटं वळण, दिला की 'यू विल नॉट' होतं. तो हूक द्यायचा राहून गेला, तर वाक्याचा अर्थ थेट उलटा. परीक्षेत त्यामुळे एखादा गुण जाईल. ऑफिसात मंजुरी आणि नामंजुरी यांची अदलाबदल होईल.

डिक्टेशन संपल्या संपल्या वाचलं तर हे दोष दिसतही नाहीत, कारण पॅसेज अजून कानात असतो. आपण रेघा वाचत नसतो, आठवून बोलत असतो. तोच पॅसेज सात-आठ वेळा घेतला असेल तर आणखी फसगत. तेव्हा हात ऐकून लिहीत नाही, पाठांतरातून लिहितो, आणि आपण म्हणतो स्पीड वाढला. पॅसेज परत परत घेणं वाईट नाही, त्याने हात मोकळा होतो. पण तुमचा स्पीड किती, हे पहिल्यांदाच ऐकलेल्या मजकुरावरच ठरवा.

म्हणून माझं सांगणं एवढंच: दिवसाला एक नवा पॅसेज, पाच मिनिटांचा. 80 च्या वेगाने म्हणजे 400 शब्द. तो त्याच दिवशी पूर्ण टाइप करा, मूळ मजकुराशी शब्द न् शब्द ताडून बघा, चुकांवर लाल गोल करा. दुसऱ्या दिवशी सकाळी, नवीन काही घेण्याआधी, कालच्या रेघा मोठ्याने वाचा. त्याला दहा मिनिटं लागतात. जिथे अडाल ती आउटलाइन, म्हणजे त्या शब्दाची शॉर्टहँडमधली खूण, एका वेगळ्या वहीत ओळभर नीट काढा, सावकाश. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्यांना हे दहा मिनिटांचं वाचन जमत नाही त्यांना 100 चा स्पीड येत नाही, असं मी स्पष्टच सांगते. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी दोन पॅसेज घेऊन भरपाईही करू नका. एकच घ्या, पण वाचा.

आता सुटलेल्या शब्दाबद्दल. नवीन मुलं एक शब्द सुटला की त्याच्या मागे जातात आणि तेवढ्यात पुढचे सहा गमावतात. सुटला तिथे जागा सोडायची आणि पुढच्या शब्दाला कान द्यायचा. हे वाचायला सोपं आहे, मन मात्र तयार होत नाही, ते मागेच घुटमळतं. सवयीच्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगाचं डिक्टेशन आठवड्यातून दोनदा तरी घ्या. शब्द सुटणारच. तेव्हा जागा सोडून पुढे जायचं, एवढीच त्या दिवशीची शिकवणी. काही महिन्यांनी छातीतली धडधड कमी होते. मला याचा उपयोग ऑफिसबाहेरही झाला, भांडणात कुणी लागेल असं बोललं तरी पुढचं ऐकू येतं.

मराठी शॉर्टहँड घेणाऱ्यांनी इंग्रजीच्या वेगाशी तुलना करून खचू नये. 'कार्यालयांकडूनसुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द मोजला जातो. मराठीतले 80 हाताला इंग्रजीतल्या 80 पेक्षा जड जातात.

'तीन महिन्यांत 100 ची हमी' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. सर निवडताना त्यांचा स्वतःचा स्पीड किती होता ते विचारू नका, ते वही तपासतात का ते बघा. नुसतं डिक्टेशन मोबाइलही देतो. तुमची रेघ कुठे वाकडी जातेय ते सांगणारा माणूस हवा. असे सर मिळाले तर ते रागावतात म्हणून क्लास बदलू नका.

70 ते 80 च्या मध्ये बहुतेकजण दीर्घकाळ थांबतात. काहीच पुढे सरकत नाही असं वाटतं आणि क्लास सोडणारे बरेचजण इथेच सोडतात. तुम्ही तिथे असाल तर वेग वाढवायचा नाद काही आठवडे सोडा आणि लाल गोल मोजा. ते कमी होत असतील तर तुम्ही पुढे जाताय, स्पीडचा आकडा मागून येतो.

घरी डिक्टेशन द्यायला कुणी नाही, ही तक्रार बऱ्याचजणी करतात. वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, दर 20 शब्दांवर पेन्सिलने रेघ मारा आणि घरातल्या कुणालाही समोर घड्याळ ठेवून वाचायला बसवा. 15 सेकंदांत एक तुकडा वाचला की 80 चा वेग झाला, 12 सेकंदांत वाचला की 100 चा. सातवी-आठवीतलं पोरही हे व्यवस्थित करतं. सुरुवातीला ते अडखळेल, मध्येच भरभर वाचेल. वाचू द्या, साहेबही तसेच सांगतात.