स्फटिक परदेशी पाठवण्याआधी

सगळ्यांत आधी वही. कुरिअर, ईमेल, जर्नल हे सगळं नंतर. कोणत्या तारखेला, कोणत्या द्रावकात, किती मिली, झाकण किती सैल ठेवून स्फटिक वाढले, ते त्याच दिवशी लिहा आणि कुपीवर वहीच्या पानाचा नंबर टाका. ‘खोलीचं तापमान’ एवढंच लिहून सोडू नका. नागपुरात जानेवारीतली खोली आणि मे महिन्यातली खोली यांत सहज पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. हिवाळ्यात आलेला स्फटिक नवतप्यात पुन्हा मिळेलच असं नाही, म्हणून आकडा लिहा.

हे मी त्यांच्यासाठी लिहिते आहे ज्यांच्या विभागात सिंगल क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्यातल्या अणूंची रचना काढायचं यंत्र, नाही, पण बीकरच्या तळाशी चकचकीत स्फटिक आलेत आणि बाहेरच्या देशातला एखादा गट मोजून द्यायला तयार झालाय. स्फटिक फारच बारीक असतील आणि सिंक्रोट्रॉनच, म्हणजे फार प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र, लागणार असेल, तर आधी इंदूरला आपल्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर काय जमतं ते विचारा. इटलीत ट्रिएस्टेच्या एलेट्रा सिंक्रोट्रॉनवरही भारत-इटली भागीदारीतल्या बीमलाइन, म्हणजे किरण घेऊन मोजणी करायच्या जागा, आहेत. तिथे प्रस्ताव लिहावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, तेवढा हाताशी ठेवा.

वहीवर माझा इतका जोर का? क्ष-किरणांना अणूचं नाव दिसत नाही, इलेक्ट्रॉनांची दाटी दिसते. मँगनीजचे 25 इलेक्ट्रॉन, लोहाचे 26. एवढ्याशा फरकावर तिकडच्या माणसाने धातू कसा ओळखायचा? तो तुम्ही लिहून दिलेलं सूत्र धरूनच रचना सोडवायला बसतो. माझे बरेच विद्यार्थी मँगनीजवर काम करतात. मनसर-कांद्रीच्या खाणी इतक्या जवळ असताना ते साहजिकच आहे. त्यांना मी सांगते, सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण), आयआर (अवरक्त वर्णपट) आणि धातूचं प्रमाण हातात आल्याशिवाय कुपी हलवायची नाही. 2010 च्या सुरुवातीला स्फटिकांच्या रचना छापणाऱ्या ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ई विभागाने किमान 70 रचना खोट्या असल्याचं जाहीर केलं होतं. एकाच खऱ्या मोजणीचा डेटा घ्यायचा, त्यात एखादा अणू बदलायचा आणि नवीन संयुग म्हणून छापायचं, असा तो प्रकार होता. मोजलेल्या किरणांच्या मूळ तीव्रतांच्या फायली जर्नलने जपून ठेवल्या होत्या, म्हणून तो पकडता आला. तुमची चूक अजाणता झालेली असली, तरी छापून आल्यावर वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

आता पॅकिंग. एका मे महिन्यात मी स्फटिक गाळून, छान वाळवून रिकाम्या कुपीत भरून पाठवले. स्फटिकाच्या अणुजाळीत अडकलेलं मिथेनॉल वाटेत उडून गेलं आणि तिकडे पोचली ती पांढरी भुकटी. विद्यार्थिनीचे चार महिने गेले, त्याचं वाईट मला अजून वाटतं. स्फटिक मूळ द्रावणात ठेवणं उत्तम, पण मिथेनॉल, एसीटोन ही ज्वलनशील द्रवं विमानाने पाठवायला नियम आहेत. ती लपवून पाठवू नका. कुरिअरला आधी लेखी विचारा, आणि परवानगी नसेल तर निवडक स्फटिक पॅराटोन या घट्ट तेलात बुडवून पाठवता येतात. त्याआधी ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली बघा: स्टेज फिरवताना अख्खा स्फटिक एकदम काळा होतो की तुकड्या-तुकड्याने? एकदम होणारे, 0.1 ते 0.3 मिलिमीटरचे निवडा. सोबत सुरक्षा माहितीपत्रक आणि ‘संशोधनाचा नमुना, विक्रीसाठी नाही’ असं विभागाच्या लेटरहेडवर लिहिलेलं पत्र हवं. पार्सल सोमवारी निघू द्या, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात तापत पडणार नाही.

पार्सल निघण्याआधीच लेखकांची नावं ठरवा. आपल्याकडे हे बोलायचा संकोच असतो आणि मग मनं दुखावतात. साधी मोजणी करून फाइल पाठवणाऱ्याला आभारांत जागा दिली तर तो सहसा समजून घेतो. पण रचनेतला गोंधळ आठवडाभर बसून ज्याने सोडवला, तो माझ्या मते लेखकच आहे. दोन ओळींची ईमेल पुरते, फक्त ती गाइडच्या नावाने जावी.

डेटा येताना नुसतं चित्र घेऊ नका. सीआयएफ (रचनेची प्रमाणित फाइल), एचकेएल (मोजलेल्या तीव्रता), आरईएस (रचना सोडवल्याची फाइल) आणि शक्य असेल तर मूळ फ्रेम्स, म्हणजे यंत्राने टिपलेली चित्रंसुद्धा मागा. या फ्रेम्स गीगाबाइटमध्ये असतात, त्यामुळे हार्ड डिस्क तयार ठेवा. सीआयएफ ही पद्धत आंतरराष्ट्रीय क्रिस्टलोग्राफी (स्फटिकशास्त्र) संघाने 1991 पासून चालवली आहे, आणि नागपूरची फाइल जपानमधल्या माणसाला जशीच्या तशी वाचता येते ती त्यामुळेच. रचना दाखवणाऱ्या मर्क्युरी या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती उतरवून रचना स्वतः फिरवून बघा, हायड्रोजन बंध स्वतः मोजा. जी रचना तुम्हाला फळ्यावर समजावता येत नाही, तिच्यावर नाव घालायची घाई नको.

मग चेकसीआयएफ, म्हणजे सीआयएफमधल्या चुका शोधणारी तपासणी. ए, बी, सी, जी असे चार पातळ्यांचे अ‍ॅलर्ट येतात. ए सगळ्यांत गंभीर, तो पाहून हात थरथरतात, पण घाबरू नका आणि तो दाबूनही टाकू नका. डेटा अपुरा असेल तर ‘स्फटिक दुबळा होता’ असं सरळ लिहा. विस्कळीत, म्हणजे स्फटिकात नेमकी जागा नसलेला, द्रावक गणितातून वगळला असेल तर तेही पेपरमध्ये सांगा. उत्तर तिकडच्याने लिहून दिलं तरी ते समजून घेणं तुमचं काम आहे, कारण व्हायव्हाला तुम्ही बसणार आहात.

रचना केंब्रिजच्या क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटरमध्ये जमा करा. 1965 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहाने 2019 मध्ये दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला. जमा करायला पैसे लागत नाहीत आणि मिळालेला नंबर बहुतेक जर्नल्स मागतात. जर्नल निवडताना फी आधी बघा. नुसती एक नीट मोजलेली रचना असेल तर ‘आययूसीआर डेटा’सारखी छोट्या अहवालांची जागाही मानाची आहे. क्रिस्टलोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघाची (आययूसीआर) काँग्रेस 2017 मध्ये हैदराबादला, आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर भरली होती. पुढे असं काही जवळ आलं तर पोस्टर घेऊन जा.

आणि पाठवताना सगळे स्फटिक पाठवू नका. अर्धा घाणा मूळ द्रावणातच, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळून, वहीच्या पानाचा नंबर लावून थंड जागी ठेवा. पाच महिन्यांनी परीक्षक विचारतो, ‘मोजलेला एक स्फटिक आणि उरलेला माल एकच आहे हे कशावरून?’ तेव्हा पावडर पॅटर्न, म्हणजे भुकटीवर क्ष-किरण टाकून मिळणारा आलेख, त्याच कुपीतून काढावा लागतो.