लाकडी पॅकिंग: शिक्का क्रेटवर, घोळ पाचरीत. या चुका टाळा

भोसरी-चाकणहून परदेशी जाणाऱ्या मालाचं पॅकिंग बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. मशीन कोटीचं असतं, आणि अडकतं कशावर? पाचरीवर. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून पॅकिंगच्या लाकडावर प्रक्रिया करून तसा शिक्का मारायचा, हा आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम. घोळ होतो तो इथेच.

एका कारखान्याचं मशीन अमेरिकेला निघालं होतं. क्रेट झकास. शिक्क्यातलं कणसाचं चिन्ह, आयएन (म्हणजे भारत), प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक, एचटी (म्हणजे उष्णतेची प्रक्रिया), सगळं समोरासमोरच्या बाजूंवर ठळक. स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरायच्या वेळी क्रेट जरा डुगडुगली, म्हणून कुणीतरी आवारात पडलेले आंब्याचे चार ठोकळे सालीसकट खाली ठोकून दिले. तिकडे साल खरवडल्यावर खाली किडीची भोकं आणि भुसा. ‘ठोकळे जाळा, मशीन सोडा’ ही विनंती चालली नाही, अख्खा कंटेनर परत आला. वर दंडाचं पत्र. नोव्हेंबर २०१७ पासून तिथे पहिल्याच चुकीला दंड होऊ शकतो.

आयएसपीएम १५ हा नियम क्रेटइतकाच टेकूच्या ठोकळ्यालाही लागतो. शिक्का असलेली फळी कापली, तर शिक्का एका तुकड्यावर राहतो आणि बाकीचे बेवारस. म्हणून शिक्क्याच्या पाचरींचं पोतं मी गाडीतच ठेवतो, आणि दार बंद व्हायच्या आधी आतल्या प्रत्येक लाकडाचा फोटो काढतो. लोक हसतात. हसू देत.

दुसरं, ‘फ्युमिगेशनचा (कीड मारायला विषारी वायू दिल्याचा) कागद आहे ना, शिक्का कशाला?’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिकडचा अधिकारी आधी लाकूड बघतो. कागद शिक्क्याची जागा घेत नाही.

‘लाकूड अर्धा तास भट्टीत होतं’ म्हणणारे नवखेही तसेच. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर पोहोचलं की मग सलग ३० मिनिटं मोजायची, दार लावल्यापासून नाही. घाई असेल तर विमानाने पाठवा. पण लाकडी पेटीला हाच नियम तिथेही आहेच.

जुनं पॅलेट दुरुस्त करताना एक तृतीयांशापेक्षा जास्त लाकूड बदललंत, तर जुने शिक्के पुसून पुन्हा प्रक्रिया करा. त्याहून कमी असेल तरी नवी फळी प्रक्रिया केलेलीच हवी.

लाल किंवा नारिंगी शाई नको. मार्करने चिन्ह काढणाऱ्याला तर मी गोदामात उभाच करत नाही.

साल ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर चालते. मी तीही काढायला लावतो.

प्लायवूडला आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या पातळ लाकडाला हा नियम लागत नाही. पण प्लायच्या पेटीखालच्या लाकडी पट्ट्यांना लागतो, आणि त्या नेमक्या कुणी वाकून बघत नाही.